छापलेला हार

दिगू,

तुझ्या शोकसभेत मी तुझ्या फोटोवरचा हार काढला. हार दोन होते, पण एकच काढता आला. दुसरा छापलेला होता.

नीट सांगते, नाहीतर म्हणशील अक्का नेहमीसारखी मधूनच सुरू झाली. सकाळी पैनगंगेवर तुझं दहावं झालं आणि संध्याकाळी आदिलाबादेत आपल्या मराठी मंडळानं सभा ठेवली. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे ते हार्डवेअरच्या दुकानवाले, जे तुला दर दिवाळीला शाल द्यायचे आणि दर वेळी तुझं आडनाव चुकवायचे. माणूस वाईट नाही. त्यांनी स्टेजवर आठ फुटी फ्लेक्स लावला होता. त्यावर पांढऱ्या केसांचा, बंद गळ्याचा कोट घातलेला एक जमीनदार, आणि खाली तुझं नाव. जमीनदाराच्या फोटोला चंदनी हार होता, चौकटीवर लाल बल्बसुद्धा होता, आणि हे सगळं छापलेलं. इंटरनेटवर तुझं नाव टाकलं की तोच एक फोटो येतो म्हणे. अध्यक्षांनी त्या छापील हारावर झेंडूचा खरा हार चढवला आणि डोळे मिटून हात जोडले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गुडघे दुखतात, तरी उठले, स्टेजच्या तीन पायऱ्या चढले आणि झेंडूचा हार काढून टेबलावर ठेवला. माईक समोरच होता. म्हटलं, हा माणूस एका तेलुगू मालिकेत पहिला भाग सुरू व्हायच्या आधीच मेला होता. हा माझा भाऊ नव्हे. माझा भाऊ एकसष्टाव्या वर्षी, दहा दिवसांपूर्वी गेला, आणि त्याचे केस काळे होते, रंगवलेले का असेनात. कोणी हसलं नाही. तू असतास तर हसला असतास.

अध्यक्ष जवळ येऊन हळूच म्हणाले, "अक्का, तुमचं खरं हाय. पन फोटो तर पायजे ना कोन्ता तरी."

तिथं माझं तोंड बंद झालं. चौतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, मला कोणी सहसा गप्प करू शकत नाही. पण तुझा फोटो खरंच नव्हता. अख्खा जन्म ज्याने कॅमेऱ्यासमोर काढला, त्याचा एक फोटो नव्हता. मी फ्लेक्सची दोरी सोडायला लावली, तेराव्यापर्यंत फोटो आणते म्हणाले आणि खाली उतरले. पुढची भाषणं रिकाम्या पडद्यासमोर झाली.

आणि काय ती भाषणं! छोट्या-छोट्या भूमिकांतून मोठा झालेला कलावंत, मोठमोठ्या हिरोंसोबत काम केलेला आपला माणूस. एकाने तर तुला 'साइड ॲक्टर असूनही माणूस फार चांगला' असं प्रमाणपत्र देऊन टाकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. साइडला उभा राहणारा माणूस साइडचा होतो का रे? मग आपल्या बापाने जन्मभर बांधावर उभं राहून वांगी पिकवली, तो साइड शेतकरी होता का? मी तिथेच बोलणार होते, पण एका दिवशी एकच तमाशा पुरे, असं सुलभाच्या डोळ्यांत दिसलं.

तुझ्या बायकोचं मला कौतुक आहे. ती रडण्याआधी कामाला लागते. दुसऱ्या दिवशी तिने तुमच्या घरी तुझी सुटकेस उघडली आणि पलंगावर फोटो मांडत गेली. हवालदार तू. पोस्टमन तू. वकिलाचा कारकून, देवळातला पुजारी, बँकेच्या दारातला बंदूकवाला, मोठ्या डॉक्टरच्या मागे फाइल धरून उभा असलेला लहान डॉक्टर. नवरीचा बाप तर सात वेळा. दिगू म्हणून दिगू कुठेच नाही. लग्नातल्या फोटोत तुझ्या मुंडावळ्यांनी अर्धं तोंड झाकलेलं. आधार कार्डावरचा होता, पण आधारवर कोणाचंच तोंड त्याचं स्वतःचं नसतं. हैदराबादेहून आलेली तुझी लेक रेवती मोबाइलमध्ये शोधून-शोधून थकली. सगळे फोटो तूच काढलेले, म्हणून तू कोणत्यातच नाहीस.

त्या पलंगाकडे बघत मी बसले आणि मला तुझा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो हे कोणी सांगत नाही. मला आला.

तू बी.ए. झालास आणि हैदराबादच्या बसमध्ये बसलास, तेव्हा बाबांनी वांग्यांची एक टोपली तुझ्यासोबत दिली होती, ओळख नसलेल्या गावात ओळख करायला. ती वांगी तू एका नाटकवाल्याला दिलीस आणि त्याने तुला उभं केलं, अक्षरशः उभं, राजाच्या मागे भाला देऊन. पुढे सिनेमे आले. तेव्हा कळलं की तुझ्या तेलुगूला आपल्या गावाचा, जैनथचा वास येतो. आपण घरात मराठी, बाजारात हिंदी, शाळेत तेलुगू बोलणारी माणसं, आपल्या जिभेवर तिन्ही भाषा एकमेकींना धक्के देतात. म्हणून तुझे दोन-चार संवाद असायचे तेही दुसऱ्याच्या आवाजात. तीस वर्षं पडद्यावर तुझं तोंड हललं आणि आवाज भलत्याचा आला. एकदा मराठी मालिकेत घेतलं, तर तिथले म्हणाले तुमची मराठी फारच तिकडची आहे, आणि तिथेही तेच. मी चिडले होते. तू म्हणाला होतास, "जाऊ दे अक्का. बोलनं त्यायचं, ऐकनं माहं. ऐकनं कोनी डब नाई करू शकत."

ते तू थट्टेत म्हणालास असं मला वाटलं होतं. मग तू इंद्रवेल्लीला माझ्या शाळेत आलास, आठवतं? शनिवार होता. पोरांना वाटलं सिनेमातला माणूस फायटिंग करून दाखवेल. तू एका लाजऱ्या मुलीला उभं केलंस, तिला काल घरी काय झालं ते सांगायला लावलंस, आणि बाकी सगळ्यांना सांगितलंस की असं ऐका, की तिला अजून सांगावंसं वाटलं पाहिजे. वर्षभर वर्गात तोंड न उघडलेली ती पोरगी शेळी हरवल्याची गोष्ट सांगता सांगता थांबेचना. मी दाराशी उभी होते. बी.एड.ला मला हे कोणी शिकवलं नव्हतं. तुला तसं सांगितलं नाही, उलट वेळापत्रक मोडलं म्हणून कुरकुर केली.

आणि ती चप्पल. त्या सिनेमात तुला एक शब्द नव्हता. कलेक्टर झालेला हिरो ओरडतो आहे, समोर अर्ज घेऊन आलेल्यांची रांग, त्यात तू चौथा. दारातून आत येताना तू चप्पल बाहेर काढलीस. कोणी सांगितलं नव्हतं. काढलीस, आणि उजव्या पायाने जरा बाजूला सरकवलीस, कोणाच्या पायात येऊ नये म्हणून. आदिलाबादच्या टॉकीजमध्ये मी आईच्या शेजारी बसले होते. आईने माझं मनगट धरलं. बाबा शेताच्या पहाणीची, म्हणजे सातबाऱ्याची, नक्कल घ्यायला तहसिलीत जायचे तेव्हा अशीच चप्पल बाहेर काढायचे. तिथं सगळे चपला घालूनच आत जात, बाबाच तेवढे काढायचे, आणि उजव्या पायाने बाजूला सरकवायचे. तू सहा वर्षांचा होतास तेव्हा. कुठे साठवून ठेवलं होतंस? दोन सेकंदं होती ती, फार तर तीन. हिरोचं अख्खं भाषण मी विसरले. तुला फोनवर मी एवढंच म्हणाले की बरं होतं.

आता त्या हाराकडे येते. तेच आपलं खरं भांडण, आणि ते अर्धवट राहिलं.

तू पंचेचाळीस वर्षांचा होतास. एका तेलुगू मालिकेत तुला काम मिळालं, मोठं काम मिळालं असं तू फोनवर म्हणालास. काम काय, तर नायकाचा मेलेला बाप. एक दिवस कोट घालून, केस पांढरे करून फोटो काढायचा. तो फोटो मोठ्या घराच्या दिवाणखान्यात हार घालून लावायचा. बस. रोज साडेसातला ती मालिका लागायची आणि रोज कोणी ना कोणी तुझ्या फोटोसमोर येऊन रडायचं, शपथा घ्यायचं, दिवा लावायचं. आईने पहिला भाग पाहिला आणि उठून मीठ-मिरच्या आणून टीव्हीची दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशीही काढली. मग ते रोजचंच झालं.

पण खरा घोटाळा केला आपल्या इचोड्याच्या मावशीने. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर तिला उभ्या-उभ्या दिसलं ते एवढंच की दिगूच्या फोटोला हार आहे, पुढे दिवा आहे आणि बायका रडत आहेत. तिला वाटलं बातम्या चालू आहेत. कोणाला विचारलं नाही, फोन केला नाही. सकाळी उठून सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून भाकरी आणि पिठलं बांधलं आणि पहिल्या बसने जैनथला आली. तू नेमका दोन दिवसांसाठी घरी आला होतास. दार तू उघडलंस. मावशीचा पदर डोळ्यांवर, ती उंबऱ्यातच बसली आणि तिने सूर लावला.

कोणीही शहाण्या माणसाने म्हटलं असतं, मावशी, मी इथं आहे. तू खांद्यावरचा टॉवेल नीट केलास, तिच्यासमोर उकिडवा बसलास आणि ऐकत राहिलास. वीस मिनिटं. तिने तुझं लहानपण सांगितलं, गोवर सांगितला, तू तिच्या म्हशीच्या पाठीवरून पडलास ते सांगितलं. शेवटी म्हणाली, कोनाच्या मधात बोलला नाई वो माहा पोरगा कदी. आणि वर पाहिलं. आधी किंचाळली, मग तुझ्या मुस्काटात मारली, मग गळ्यात पडली. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा तू तो सुतकाचा डबा उघडून ओसरीवर जेवत होतास. म्हणालास, "मावशीनं यवढ्या दुरून आनलं, वाया काऊन घालाचं?" वर हसून सांगितलंस की तुझ्याबद्दल एवढं चांगलं आजवर कोणी लिहिलंसुद्धा नाही.

स्वतःच्या मरणाची भाकरी खाणारा भाऊ पाहून माझं डोकं फिरलं. तुला जेवणावरून उठवलं आणि मळ्यात नेलं, आईच्या कानावर जायला नको म्हणून. विहिरीपाशी काढलेल्या कोहळ्यांचा ढीग होता, त्यावर तू बसलास. आणि मी सुरू झाले. काय नाही बोलले मी तुला! जित्या माणसाने गळ्यात मरणाचा हार घालून घ्यायचा आणि त्याला काम म्हणायचं? बापाने जमीन राखली, तू तोंड विकलंस. आई रोज टीव्हीवरून मिरच्या उतरवते, तुला लाज आहे का? सुलभा तुझ्या मागून आली होती, तिच्या हातात तेव्हा नवा कॅमेरा होता. भांडण थांबेना म्हणून तिने वैतागून एक फोटो काढला, घरी जाऊन तुम्हाला तुमची तोंडं दाखवते म्हणाली. तू मधे बोलला नाहीस. माझं संपल्यावर एकच सांगितलंस.

"अक्का, सगळ्या शीनातून मले कापतात. ह्या एका भिंतीवरून मले कोनी काढू नाई शकत. अन् त्या घरातले सगळे मलेच येऊन सांगतात."

मी म्हणाले, मेलेल्याला सांगतात, तुला नाही. आणि पाठ फिरवली. तिथेच ते थांबलं. त्यानंतर सोळा वर्षांत आपण शेतीवर बोललो, आईच्या दुखण्यावर, रेवतीच्या नोकरीवर बोललो. ह्यावर नाही. मालिका चार वर्षं चालली. शेवटच्या दिवशी तुमच्याकडे कोहळा फोडतात म्हणे, शूटिंग संपलं म्हणून. तुला कोणी बोलावलं नव्हतं, फोटोला कोण बोलावतं? तू आपल्या मळ्यातला कोहळा मांडीवर घेऊन बसने हैदराबादला गेलास. तोच फोडला त्यांनी. हे मला तू नाही, सुलभाने सांगितलं.

आणि ह्या उन्हाळ्यात, आजार कळून चुकला होता तेव्हा, तू इथे माझ्याकडे आठवडाभर राहिलास. ओसरीवर भाजीसाठी वांगी निवडत होतो. तू न बघता विचारलंस, "अक्का, ते मालिका तू कदी पाह्यली का वं?"

मी म्हणाले, "नाई. कायले पाहू?"

तू मान हलवलीस आणि देठं काढत राहिलास. तोंडावर काहीच नाही. तीस वर्षांची सवय.

खोटं बोलले मी. दिगू, मी खोटं बोलले आणि तू ऐकून घेतलंस. मी रोज पाहिली. आई होती तोवर तिला सोबत म्हणून, आणि दुसऱ्या वर्षी आई गेल्यावर कोणाच्याच सोबतीला नाही, दाराला आतून कडी घालून. पोरं वह्या तपासायला मागे लागत, मी साडेसातच्या आत घरी पळायची. मला ती कथा कधीच नीट कळली नाही, कोणाची इस्टेट कोणी लाटली होती देव जाणे. मी भिंतीकडे बघायची. तिसऱ्या वर्षी कधीतरी ती तुझी मालिकेतली बायको फोटोपुढे उभी राहून मुलाची तक्रार सांगत होती, आणि माझ्या एकदम ध्यानात आलं की फोटोतला माणूस ऐकतो आहे. फोटोत माणसं हसतात, नाहीतर ताठ बघतात. तुझी मान किंचित कललेली होती, भुवई एवढीशी वर, जसं कोणीतरी बोलायला आत्ताच तोंड उघडलं आहे. फोटो काढणाऱ्याला तू विचारलं असशील, ह्या भिंतीसमोर कोण कोण बोलणार आहे. चार वर्षं त्या घरातल्या सगळ्यांनी तुला सांगितलं आणि चार वर्षं तू ऐकलंस, कोहळ्याचा तो दिवस सोडला तर एकदाही सेटवर न जाता. असं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. हे मला तेव्हाच फोन करून सांगता आलं असतं. देठं काढता काढताही सांगता आलं असतं. माझी जीभ जगाला शिकवायला सैल आणि तुझ्या कौतुकाला आखडलेली, त्याला काय करू?

तर त्या पलंगाकडे बघून मी चिडले, घरी आले आणि आपल्या लोखंडी कपाटात शोधायला लागले. आईच्या लुगड्यांखाली पाकीट सापडलं. त्यात सुलभाने काढलेला तो भांडणाचा फोटो. पुढे मी, बोट वर, तोंड उघडं, पदर कमरेला खोचलेला. मागे कोहळ्यांवर बसलेला तू, अंगात साधा बनियन, तोंडाला रंग नाही, कोट नाही, तुझे स्वतःचे विस्कटलेले केस. आणि ऐकतो आहेस. तुझा असा एकच फोटो आहे ह्या जगात, आणि त्यात अर्धी जागा मी अडवली आहे.

रेवतीने तो मोबाइलवर घेतला, इकडून तिकडून बोटं फिरवली. माझं बोट तुझ्या खांद्यावर येतं, माझा पदर तुझ्या गुडघ्यावर. तिने फार अवघडून विचारलं, "आत्या, तुला कापू का? थोडा बाबांचा खांदापण जाईल."

मी म्हटलं, कापायचं नाही. ह्या माणसाला आता कोणी कापायचं नाही. खांदासुद्धा नाही.

तेरवीला फोटो मोठा करून आला. पाहुणे येऊन बसले होते, अध्यक्षही आले होते, हार ताटात होता, आणि सगळे एकमेकांकडे बघत होते. हार घालायचा तर तो माझ्याही गळ्यात पडणार. कोणी म्हणालं, फुलंच वाहू. कोणी म्हणालं, हार चौकटीच्या तुझ्याकडच्या कोपऱ्यावर अडकवू. आपली मावशी आता पंचाऐंशीच्या पुढे आहे, दिसतं कमी पण ऐकू सगळं येतं. मी ताट उचललं आणि तिच्यापुढे धरलं. हा मान तिचाच होता, तुझ्यासाठी सगळ्यांत आधी तीच रडली होती.

"मावशी, घाल हार. दोघायलेई घाल."

तिचे हात मागे गेले. "अवो बाई, तू जित्ती हायस. जित्त्या मानसाले कोनी हार घालते का?"

"तोई जित्ताच होता, मावशी. त्यानं चार वर्सं घातला."

मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे. तिला काय दिसलं कोण जाणे. उठली, रेवतीच्या आधाराने पाटावर चढली आणि हार घातला, पूर्ण, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग स्वतःशीच म्हणाली, कोनाच्या मधात बोलला नाई पोरगा. सोळा वर्षांपूर्वी तेच वाक्य तिने तुझ्या तोंडावर म्हटलं होतं. अध्यक्षांनी हात जोडले. पाया पडावं की नाही असा त्यांचा गोंधळ झाला, मी तिथेच उभी होते ना. सुलभा त्या दिवशी पहिल्यांदा रडली, आणि रडता रडता हसली. मग मी पंगतीत बसले आणि पोटभर जेवले. जेवताना तुझी ती भाकरी आठवली. तेव्हा तुला कसं वाटलं असेल ते कळलं, आणि घास गोड लागला, हे कबूल करते.

फोटो आता माझ्या पुढच्या खोलीत आहे, दारातून आत आलं की समोर. भाऊबंद नाकं मुरडतात. एकाने तर माझ्या आयुष्याला हे बरं नाही असं सांगायला खास फोन केला. म्हटलं, अडुसष्ट झाली, आता ते आयुष्य काय बिघडायचं राहिलं आहे? ज्यांना बघवत नाही त्यांनी मागच्या दाराने यावं. हार सुकला की मी नवीन घालते, स्वतःच्या हाताने, आधी तुझी बाजू मग माझी. रोज साडेसातला खुर्ची घेऊन बसते. काही सांगायचं असतं, काही नसतं.

परवा गॅसवाला आला. नवीन माणूस, तेलुगू. सिलिंडर टेकवून त्याने फोटोला हात जोडले, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत फोटोकडे. घाबरला बिचारा. अम्मा, ह्यातलं गेलं कोण, असं त्याने अडखळत विचारलं. मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि त्याच्याच भाषेत सांगितलं, कोणी गेलेलं नाही बाबा, आमचं भांडण चालू आहे.

त्यात तू जिंकलास, हे त्याला सांगितलं नाही. ते आधी तुला सांगायचं होतं.